बाबा गेले तेव्हा रडलो नाही, ग्रिम्सबी जिंकलं तेव्हा रडलो

ताई, नमस्कार.

मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. भूलतज्ज्ञ आहे. २०१७ पासून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, ग्रिम्सबीला असतो. इथला ग्रिम्सबी टाऊन हा फुटबॉल क्लब चौथ्या पायरीवर, म्हणजे लीग टूमध्ये खेळतो. आलो त्याच वर्षी ऑपरेशन थिएटरमधल्या एका सहकाऱ्याने मला सामन्याला ओढून नेलं आणि मी त्यांचाच होऊन गेलो. आता वर्षाचं तिकीट काढतो.

मे २०२१ मध्ये बाबा कोव्हिडने गेले. मी जाऊ शकलो नाही. भारत तेव्हा इथल्या रेड लिस्टमध्ये होता, परत येताना दहा दिवस हॉटेलात सक्तीने राहावं लागे, बायकोला नववा महिना लागला होता, आणि पोहोचेपर्यंत तिकडे सगळं उरकलंच असतं. दहाव्याला भावाने पंचगंगेवरून व्हिडिओ कॉल लावला. चित्र मधेच अडकायचं. मी रडलो नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो.

पुढच्या वर्षी, २८ मे २०२२ ला, मी रेक्सहॅमला प्लेऑफची, म्हणजे वरच्या पायरीवर जाण्यासाठीच्या बाद फेरीची, उपान्त्य लढत बघायला गेलो होतो. ११९व्या मिनिटाला आमच्या ल्यूक वॉटरफॉलने डोक्याने गोल केला आणि आम्ही ५-४ जिंकलो. शेजारी सत्तरीच्या एक आजी होत्या, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मफलर गुंडाळलेल्या. त्यांनी मला मिठी मारली आणि मी जो रडायला लागलो तो थांबेना. कुणीतरी तो व्हिडिओ काढला. बायकोने पाहिला. ती म्हणाली, "बाबा गेले तेव्हा डोळ्यांतून टिपूस नाही आला तुझ्या. आणि या अकरा परक्या पोरांसाठी ढसाढसा रडतोस." ते वाक्य अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये, २७ तारखेला, आम्ही मँचेस्टर युनायटेडला हरवलं. पेनल्टीवर १२-११. घराखाली गाडी लावली आणि उतरायच्या आधी फोन काढून बाबांचा नंबर लावला. रिंग जायच्या आत कापला. त्यानंतर दोन-तीन दिवस इतकं रिकामं वाटलं की हा नाद सोडून द्यावा असं मनात आलं. घरी मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. माणूस म्हणून माझ्यात काही कमी आहे का?

एक वाचक, ग्रिम्सबी

*

सस्नेह नमस्कार.

तुमचं पत्र मी आठवडाभर टेबलावर ठेवलं होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते फुटबॉलचं वाटलं, दुसऱ्यांदा बाबांचं. तिसऱ्या वाचनात मी एका वाक्यावर अडले. "बायकोला नववा महिना लागला होता." न जाण्याची चार कारणं तुम्ही दिलीत, त्यात हे तिसरं, आणि लगेच पुढे गेलात. मला पत्रातली गाठ तिथेच दिसते. तिच्याकडे येतेच, पण तुम्ही विचारलंय त्याचं उत्तर आधी देते, नाहीतर तुम्ही सगळं पत्र धडधडत्या काळजाने वाचाल. नाही. तुमच्यात काही कमी नाही. वडिलांवरची तुमची माया क्लबवरच्या मायेपेक्षा उणी होती, असंही नाही.

मीही कोल्हापूरचीच. त्यामुळे नादाबद्दल मला फार समजावून सांगायला नको. आमचे वडील बोलणारे नव्हते. बँकेतून आले की चहा, पेपर, रेडिओ. आम्हा भावंडांना त्यांनी कधी जवळ घेतल्याचं मला आठवत नाही. तो काळच तसा होता, आणि मुलांना जवळ घेणं हे बायकांचं काम समजलं जायचं. पण कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की ते आम्हाला शाहू स्टेडियमवर न्यायचे. आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा सामना होता, नेमका कोणता ते आता सांगता येणार नाही. अगदी शेवटाला बरोबरीचा गोल झाला. वडिलांनी माझ्या भावाला उचललं, डोक्याच्याही वर, आणि खाली घेतलं ते थेट छातीशी. भाऊ तेव्हा नऊ वर्षांचा. त्या गर्दीत वडिलांची एक चप्पल गेली. एका पायात चप्पल घालून ते गंगावेशीपर्यंत चालत आले आणि वाटेत भेटेल त्याला गोल कसा झाला ते सांगत होते. भाऊ आज साठीला आलाय. वडिलांच्या छातीला विडीचा वास येत होता, हे त्याला त्या एका मिठीमुळे माहीत आहे.

म्हणून मैदानावर माणसं जे करतात त्याला मी पोरखेळ म्हणू शकत नाही. आमच्या घरात वडिलांची माया मैदानावरच दिसली. दुसरीकडे कुठे दिसलीच नाही.

आता तुमचा ग्रिम्सबी. पत्र आल्यापासून मी त्यांच्याबद्दल वाचत होते आणि जुन्या लढतींची क्षणचित्रंही पाहिली. बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगते. इंग्लंडमध्ये वरच्या चार पायऱ्यांवर मिळून ९२ क्लब खेळतात. चौथ्या पायरीवर तळाला जे दोन राहतात ते खाली, नॅशनल लीगमध्ये जातात. खाली जाणं म्हणजे केवळ नामुष्की नव्हे. उत्पन्न घटतं, चांगले खेळाडू सोडून जातात, ऑफिसातल्या माणसांच्या नोकऱ्यांवर गदा येते. आणि तिथून वर यायला वर्षाकाठी दोनच जागा: एक पहिल्या क्रमांकाला, दुसरी प्लेऑफ जिंकणाऱ्याला. चांगले चांगले क्लब त्या खड्ड्यात वर्षानुवर्षं अडकून पडतात. खुद्द ग्रिम्सबी २०१० ला पडला तो २०१६ ला वर आला. मग २०२१ ला पुन्हा पडला, लीग टूमध्ये अगदी शेवटचा येऊन.

२०२१. एप्रिल संपता संपता. प्रेक्षकांना मैदानात बंदी असताना. आणि त्यानंतर काही दिवसांतच तुमचे बाबा गेले.

ही दोन दुःखं एका मापाची आहेत असं कोणी म्हणणार नाही. पण ती तुमच्या आयुष्यात एकाच महिन्याच्या आत आली आणि दोन्ही वेळेला तुम्ही एकटे, पडद्यासमोर बसलेले होता. क्लब बुडाला तो तुम्ही पडद्यावर पाहिलात. बाबांचा दहावाही पडद्यावरच पाहिलात.

पुढच्या हंगामात ग्रिम्सबी सहावा आला आणि प्लेऑफला गेला. आधी नॉट्स काउंटी: ९०व्या मिनिटापर्यंत एक गोलने मागे, ९६व्या मिनिटाला बरोबरी, ११९व्याला विजय. पाच दिवसांनी रेक्सहॅम, ज्यांच्यामागे हॉलिवूडचे दोन नट मालक म्हणून उभे होते. तिथे पुन्हा ११९वं मिनिट, तुम्ही सांगितलंत ते. ५ जूनला लंडनला सॉलिहल मूर्सविरुद्ध अंतिम लढत, तीही जादा वेळेत, २-१. तीन लढती, तिन्ही १२० मिनिटांच्या, तिन्ही आपल्या मैदानाबाहेर. हा संघ सामना जिंकायचा कमी आणि मरता मरता उठून बसायचा जास्त. तुम्ही भूलतज्ज्ञ आहात. जाता जाता माणूस परत येतो तेव्हा थिएटरमध्ये काय होतं, ते माझ्यापेक्षा तुम्हाला चांगलं माहीत आहे.

खालच्या पायरीवरच्या क्लबचा आनंद मोठ्या क्लबच्या आनंदाहून वेगळा असतो तो इथे. मोठा क्लब करंडक जिंकतो किंवा हुकतो. तो असणार की नसणार हा प्रश्न त्याच्या पाठीराख्याला सहसा पडत नाही. खालच्या क्लबच्या माणसाला हा प्रश्न कायम पडलेला असतो. बरी नावाचा क्लब १८८५ पासूनचा, एफए कप ही इंग्लंडमधली जुनी बाद स्पर्धा दोनदा जिंकलेला. पैशाच्या घोळात सापडला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून बाहेर काढला गेला. त्या गावातल्या लोकांचं शनिवारी दुपारी जायचं ठिकाणच गेलं. याच्या उलट कार्लाइल. ८ मे १९९९, हंगामाचा शेवटचा सामना, प्लिमथविरुद्ध १-१. बरोबरी राहिली तर लीगमधून बाहेर. वाया गेलेल्या वेळेची भरपाईही संपत आलेली, काही सेकंद उरलेले. कार्लाइलला कॉर्नर मिळाला आणि गोलरक्षक जिमी ग्लास आपली जागा सोडून पुढे धावला. हा मुलगा दुसऱ्या क्लबकडून उसना आणलेला, कार्लाइलसाठी जेमतेम तिसरा सामना खेळणारा. चेंडू परतून त्याच्यासमोर आला आणि त्याने तो जाळ्यात मारला. मी त्याची चित्रफीत पाहिली. गोल झाला आणि क्षणात मैदानाचं गवत दिसेनासं झालं, इतकी माणसं आत धावली. त्यांनी काहीही जिंकलं नव्हतं. चौथ्या पायरीवरच राहिले होते, एवढंच. तरी मला तो आनंद जगज्जेत्यांच्या आनंदापेक्षा खोल वाटला, कारण त्यांचं घर पडता पडता राहिलं होतं.

आता रेक्सहॅमच्या त्या मिठीकडे येते.

आपल्याकडे माणूस गेला की काय होतं ते आठवा. घरात तेरा दिवस माणसांची रीघ असते. प्रत्येक जण येतो, दारात चपला काढतो, आणि आत आला की घरातलं कोणीतरी त्याच्या गळ्यात पडतं. नवीन माणूस आला की नव्याने हुंदका. पोक्त बायका मुद्दाम म्हणतात, "रडू दे गं त्याला, मोकळं होऊ दे." लहानपणी मला हे सगळं दिखाऊ वाटायचं. पुढे कळत्या वयात घरात मरण पाहिलं तेव्हा समजलं की रडायलासुद्धा समोर माणूस लागतं. एकट्याने रडायला जमणारी माणसं असतात, पण थोडी. बहुतेकांना गळा लागतो.

तुम्हाला गळा मिळाला नाही. तुम्हाला अडकणारं चित्र मिळालं. तुमच्या भावाला पंचगंगेच्या घाटावर चुलते होते, शेजारी होते, तालमीतली पोरं होती. कोव्हिडच्या धास्तीतही चार माणसं तरी होतीच. तुमच्या खोलीत कोण होतं? नववा महिना लागलेली बायको. तिच्यासमोर तुम्ही मोडून पडणार होता का? नाही. तिला जपायचं, पोटातल्या जिवाला जपायचं म्हणून तुम्ही आवंढा गिळलात, आणि मग बाळ आलं, बारसं आलं, रात्रीची जागरणं आली. रडायची वेळ निघून गेली असं वाटलं असेल. ती गेली नव्हती. वर्षभराने, घरापासून तीन तासांच्या अंतरावर, एका परक्या आजींनी तुमच्या गळ्यात हात टाकले. बाबा गेल्यानंतर तुमच्या गळ्यात पडलेलं ते पहिलं माणूस असेल, असं मला वाटतं. चुकत असेन तर कळवा.

पण एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही माझं म्हणणं भलतीकडे न्याल. "म्हणजे गोलचा आनंद खोटा होता, खरं ते दुःखच होतं," असा अर्थ काढू नका. वॉटरफॉलच्या हेडरचा आनंद शंभर टक्के त्या हेडरचा होता. क्लब खाली गेला तेव्हाही तुम्ही होता, वर येताना बघायलाही होता, तेव्हा तो आनंद तुमच्या हक्काचा होता. दार उघडलं म्हणून मागे थांबलेलं दुःखही त्याच दाराने आत आलं. दोघांची भेळ झाली, दोन्ही खरी. शिवाय त्या आजी तरी कोणासाठी रडत होत्या, तुम्हाला कुठे माहीत आहे? सत्तर वर्षांची बाई मफलर गुंडाळून इतक्या लांबच्या सामन्याला येते, तेव्हा तिला पहिल्यांदा तिथे आणणारं कोणीतरी असतं. वडील, नवरा, भाऊ. बहुधा तेही आता शेजारी बसत नसतील.

आता तुमच्या पत्नीबद्दल. त्यांचं वाक्य तुम्हाला आरोपासारखं लागलं. मला ते तसं ऐकू येत नाही. त्यांचा राग फुटबॉलवर नाही. तुमचं रडणं त्यांच्या वाट्याला आलं नाही, याचा राग आहे. त्याही त्या घरात होत्या. सासऱ्यांच्या जाण्याचं दुःख त्यांनाही असेल, आणि त्यातून अवघडलेल्या, माहेर हजारो मैलांवर. नवरा दुसऱ्या दिवशी कामावर जातो, रात्री गप्प जेवतो. त्यांनी वर्षभर वाट पाहिली असेल की हा कधी तरी आपल्या खांद्यावर डोकं ठेवेल. आणि मग एक दिवस त्यांनी मोबाइलवर पाहिलं की खांदा दुसऱ्याच कोणाला मिळाला. त्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते, कदाचित याहून कडू.

तुम्ही त्यांच्यासाठी गप्प राहिलात हे त्यांना माहीतच नाही. चार वर्षं दोघेही एकाच गोष्टीवरून दुखावलेले आहात, आणि दोघांकडे तिचा अर्धा अर्धा भाग आहे. म्हणून त्यांना सांगा. गाडीत बसून बाबांचा नंबर लावलात ते सांगा. "मला वाईट वाटलं" असं मोघम नको. इंजिन बंद केलं, किल्ली हातात होती, मग फोन काढला, बाबांच्या नावावर बोट ठेवलं, असं सगळं सांगा. तुम्ही तो फोन का लावलात ते मला लगेच कळलं. तुमचा सामना रात्री आठला सुरू झाला म्हणजे कोल्हापुरात साडेबारा. शेवटची पेनल्टी होईपर्यंत तिकडे तीन वाजत आले असतील. कोल्हापूरचा फुटबॉलवेडा बाप तीन वाजेपर्यंत जागा राहिलाच असता आणि पहिल्या रिंगला फोन उचलला असता. जी बातमी सांगायला सगळ्यात जास्त मजा आली असती, तोच माणूस नाही. ते रिकामपण तुम्हाला दोन-तीन दिवस छळत होतं, आणि तुम्ही त्याचा दोष क्लबच्या माथी मारताय.

म्हणून नाद सोडू नका. सोडलात तर रिकामपण तसंच राहील, फक्त शनिवारची दुपारही रिकामी होईल.

मात्र नादाला कुंपण लागतं, तेही बोलते. युनायटेडसारखी रात्र एकदाच येते. मागे एफए कपमध्ये, २०२३ ला, तुमच्या संघाने वरच्या पायऱ्यांवरचे पाच संघ एकाच मोसमात हरवले, साउदॅम्प्टनला तर त्यांच्याच मैदानावर. असं त्याआधी कोणीही केलं नव्हतं. आणि मग उपान्त्यपूर्व फेरीत ब्रायटनकडून पाच गोल खाल्ले. पाच-शून्य. हे असंच चालायचं. म्हणून मोठ्या विजयानंतर रात्री दोनला मोबाइल उघडून त्याच पेनल्ट्या विसाव्यांदा बघू नका. त्याने आनंद वाढत नाही, झोप तेवढी जाते, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या हाताखाली कोणाचा तरी जीव असतो. त्याऐवजी पुढचा साधा सामना बघायला जा. नोव्हेंबरातला मंगळवार, समुद्रावरून बोचरा वारा, निम्म्या खुर्च्या रिकाम्या, शून्य-शून्य. तुमच्या मैदानाच्या, ब्लंडेल पार्कच्या, वरच्या मजल्यावरून हंबर नदीच्या मुखातली जहाजं दिसतात म्हणे. ती बघायलाही वेळ मिळेल. अशा दहा कंटाळवाण्या सामन्यांना हजर राहिलेल्या माणसालाच अकरावा झेपतो. त्यातल्या एखाद्याला पत्नीला घेऊन जा. त्यांना खेळ आवडायला हवा असं नाही. तुम्ही दर शनिवारी कोणत्या माणसांत जाता ते त्यांना दिसू दे. प्रेक्षकांत कोणीतरी तुमच्या पाठीराख्यांचा तो हवा भरून फुगवलेला हॅडॉक मासा नाचवत असेल, तो बघून तुमचं चार वर्षांचं लेकरू खूश होईल.

आणखी एक विचारते, खरं उत्तर स्वतःला द्या, मला नको. हरल्यावर घरात आवाज चढतो का? सामन्यानंतरची बिअर एकावरून चारावर गेली आहे का? तिकडे फुटबॉलला जुगाराच्या कंपन्यांचा विळखा आहे, खुद्द लीगच्या नावातही तशी एक कंपनी आहे. तुम्ही पैसे लावता का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर तो फुटबॉलचा नाद राहिलेला नाही, ते दुसरं काहीतरी आहे, आणि त्यासाठी मदत घ्यायला हवी. पत्रावरून मला तसं दिसत नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

शोकाचंही तसंच. एकदा मोकळं रडून झालं म्हणजे हिशेब चुकता झाला असं नसतं. पत्नीशी बोलूनही छातीवरचं दडपण जात नसेल, झोप लागत नसेल, तर तिकडे क्रूझ बिरीव्हमेंट सपोर्ट ही संस्था गेलेल्या माणसांच्या दुःखासाठीच काम करते. तुम्ही स्वतः डॉक्टर आहात म्हणून "मला काय गरज" असं म्हणू नका. भूल देणाऱ्यालाही ऑपरेशनच्या वेळी दुसऱ्या भूलतज्ज्ञाच्या हाती जावंच लागतं.

आणि एकदा कोल्हापूरला या. उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीला नको. फुटबॉलचा हंगाम चालू असताना या. तुम्ही मंगळवार पेठेतले म्हणजे पाटाकडील तालमीचा संघ की बालगोपाल तालमीचा हा वाद घरात असणारच, तो तुम्ही सोडवा. भाऊ तयार असेल तर दोघे मिळून जा. तो घाटावर होता, तुम्ही नव्हतात, आणि याबद्दल तुम्ही दोघं आजवर नीट बोलला नसाल असा माझा अंदाज आहे. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर शेजारी शेजारी बसलं की समोर बघत बोलता येतं, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. आपल्याकडच्या पुरुषांना बोलायला तशीच जागा लागते, आणि त्यात काही वाईट नाही.

पत्नीला ही दोन्ही पत्रं, तुमचं आणि माझं, वाचायला द्या. तोंडाने सांगायला जमलं नाही तर निदान एवढं करा. त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि बाळाला आशीर्वाद.

तिकीट काढायच्या आधी आईंना एक फोन करा आणि विचारा, बाबा शाहू स्टेडियमवर नेमके कुठल्या बाजूला बसायचे. त्यांना नक्की माहीत असेल.

तुमची,
ताई